दोन अंश मागे

पांढऱ्या फडक्यावर मी चार स्पार्क प्लग ओळीने मांडले आणि भिंग डोळ्याला लावलं. पहिले दोन ठीक होते. आतलं पोर्सिलेन फिकट तपकिरी, असावं तसं. चौथाही बरा होता. तिसऱ्यावर मात्र खसखशीहून बारीक, चमकदार करडे ठिपके दिसले. मिठाईवरचा वर्ख चुरगाळून कुणी फुंकरीने उडवावा, तसे. हा वर्ख पिस्टनचा होता. पिस्टनच्या माथ्यावरचं ॲल्युमिनियम कणाकणाने सुटून प्लगवर येऊन बसलं होतं.

गाडी माझ्या भाच्याची, म्हणजे बायकोच्या मावसभावाच्या मुलाची. तो डॉक्टर आहे, भूल देण्याचं काम करतो. मी मूळचा पुण्याचा. लग्नानंतर काही वर्षांनी तंजावरला आलो आणि इथेच गॅरेज टाकलं. सासरची माणसं तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या काळात, सतराव्या शतकात, जी घराणी इकडे आली त्यांच्या वंशातली. इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. पुण्यात हे सांगितलं की अजूनही लोक चकित होतात. घरात मराठी, गॅरेजमध्ये तमिळ आणि गाडीच्या सुट्या भागांची नावं इंग्रजी, असा माझा दिवस जातो.

भाच्याची गाडी अबार्थ पुंतो. फियाटने ती ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात आणली. ती तयार व्हायची पुण्याजवळच्या रांजणगावला. १३६८ सीसीचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण पायाखाली स्पोर्ट्स कार. कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली इटलीत अबार्थ कंपनी काढली. त्यांची रास वृश्चिक, म्हणून कंपनीचं चिन्ह विंचू. आमच्या घरी तिला ‘विंचवाची गाडी’ म्हणतात, तर माझा मदतनीस म्हणतो ‘तेळ वंडी’. तेळ म्हणजे विंचू, वंडी म्हणजे गाडी. माझ्या जिल्ह्यात जन्मलेली गाडी इतक्या दूर माझ्या हाताखाली आली, याचं मला पहिल्या दिवसापासून अप्रूप होतं.

भाच्याने ती जुनी विकत घेतली आणि महिन्याभरात तिला ट्यूनिंगचा डबा बसवून आणला. असे डबे कुठेही मागवता येतात. दहा मिनिटांत बसतो, ताकद वाढते, नको असेल तेव्हा काढून ठेवायचा, खुणासुद्धा राहत नाहीत. “मामा, इंजिन उघडायचंच नाही, मग धोका कसला?” असं त्याने मला विचारलं होतं. मी मान हलवली आणि हातातल्या कामाला लागलो. तेव्हाच त्याला बसवून समजावायला हवं होतं. ते केलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे.

मग आला २०२२ चा मे. तमिळनाडूत मेमधल्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांना ‘कत्तिरी’ म्हणतात. भाचा तिरुचीहून भर दुपारी आला. एसी चालू, मागे दोन माणसं. वल्लमच्या अलीकडे त्याने ट्रकला मागे टाकायला पाय दाबला, तेव्हा गाडीने एक आचका दिला. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात उभी राहिली. मदतनीसाने इंजिन चालू केलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, “अण्णा, सत्तम वेर मादिरी इरुक्कु.” आवाज वेगळाच येतोय. त्याच्या कानावर माझा विश्वास आहे. मी लगेच प्लग काढायला घेतले.

काय झालं होतं, ते नीट सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरली.

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने दुसऱ्या बाजूला पसरत जाते. हे पसरणं शांतपणे व्हायला हवं. सिलिंडरमधली हवा फार तापलेली आणि फार दाबलेली असेल, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. त्या धक्क्याची लाट पिस्टनवर आणि हेडवर आदळते. याला नॉकिंग म्हणतात; आमच्या भाषेत इंजिन ‘ठोकतं’. टर्बो हवा दाबून आत भरतो, आणि दाबली की हवा तापतेच. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरची हवाच चाळीस अंशांवर गेली असेल तर तो तरी किती करणार? त्यावर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, दोन उपाय करतो. एक, इंधन थोडं जास्त सोडून आतलं तापमान उतरवणं. दुसरा, ठिणगी उशिरा पाडणं, म्हणजे टायमिंग मागे घेणं. हे दोन्ही उपाय बरोबर मापात व्हायचे, तर आत हवा खरोखर किती आहे ते ईसीयूला कळायला हवं.

डबा नेमकं तेच कळू देत नाही. तो दाबाचा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि खरा दाब असेल त्यापेक्षा कमी सांगतो. ईसीयूला वाटतं, दाब कमी पडतोय. म्हणून तो टर्बोला आणखी फुंकू देतो. ताकद वाढते ती अशी. पण या इंजिनात हवेचं माप दाबावरूनच काढलं जातं. दाब कमी सांगितला की ईसीयूच्या हिशेबात हवाही कमी. म्हणजे इंधन कमी सुटणार आणि ठिणगी लवकर पडणार, जे व्हायला हवं त्याच्या बरोबर उलट. काही महागडे डबे इंधनाचाही हिशेब सांभाळतात, हे खरं. पण हा डबा तसला नव्हता. नॉक सेन्सर आपल्या परीने ओरडत होता, ईसीयू जमेल तेवढं टायमिंग मागे ओढत होता आणि डबा पुन्हा खोटं सांगत होता.

मी भाच्याला बोलावलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने ठिपके पाहिले. मी म्हटलं, “पेशंट टेबलावर असताना तुझ्या मॉनिटरवर कुणी ऑक्सिजनचा आकडा वाढवून दाखवला, तर तू काय करशील?” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानेच बॉनेटमध्ये हात घालून डबा काढला.

पिस्टन वाचला होता. दुर्बीण घालून पाहिलं, माथ्याच्या कडेला थोडा खरबरीतपणा आला होता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचं जवळजवळ सारखं भरलं. नवे प्लग घातले, गाडी मूळ स्थितीत आणली. आता खरा प्रश्न पुढे आला. भाच्याला ताकद अजूनही हवी होती. ती इच्छा मला चुकीची वाटत नाही. चांगल्या इंजिनात अजून काय दडलंय हे पाहण्याच्या ओढीनेच तर मी या धंद्यात आलो. पण पद्धत कोणती?

माझं शिक्षण पुण्यातल्या एका छोट्या गॅरेजमध्ये, प्रीमियर पद्मिनीवर झालं. उस्ताद मला शेजारी बसवून कात्रजचा घाट चढायचे. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून ठेवायचे आणि म्हणायचे, “ऐक.” इंजिन टिकटिकलं, काचेच्या गोट्या डब्यात खुळखुळाव्यात तसा आवाज आला, की गाडी बाजूला घ्यायची, डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करायचा आणि टायमिंग मागे घ्यायचं. पुन्हा चढ. आवाज थांबला की थांबायचं, आणि त्यानंतरही आणखी दोन अंश मागे. मी एकदा विचारलं, “आवाज तर गेला, मग आणखी दोन अंश कशाला?” उस्ताद म्हणाले, “आज आपण दोघंच बसलोय. उद्या यात पाच माणसं आणि टपावर सामान असेल. आणि ऊनही असेल.”

उस्तादांची ही पद्धत पद्मिनीला पुरायची. टर्बो इंजिनाचा ठोक मात्र काच बंद, एसी चालू, टायर घरघरताहेत अशा वेळी कानाला ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. ऐकायचं साधन बदलावं लागतं. ऐकणं सोडून चालत नाही.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, तयार मॅप. ईसीयूमध्ये इंधन, टायमिंग, बूस्ट (म्हणजे टर्बोचा दाब) यांची कोष्टकं असतात, तीच बदलायची. ओबीडीच्या सॉकेटला लॅपटॉप जोडायचा, मूळ फाईलवर नवी फाईल चढवायची, अर्ध्या तासात काम संपलं. डब्यापेक्षा ही पद्धत शंभर पटींनी प्रामाणिक, कारण ईसीयूला खरा दाब कळतो. पण ती फाईल कुणाच्या गाडीवर बेतलेली असते? यातल्या बऱ्याच फाईली युरोपात बनतात. ऑक्टेन जितका वरचा तितका ठोक कमी; तिथे साधं पेट्रोलच ९५ ऑक्टेनचं, चांगलं ९८ चं, हवा थंड. आपल्याकडे तेव्हा साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. चांगलं पेट्रोल शहरात मिळायचं, पण भाच्याची ड्युटी आठवड्यातून तीन दिवस पट्टुकोट्टईच्या बाजूला. वाटेत जो पंप लागेल तिथे टाकी भरणार. रात्री दोन वाजता सिझेरियनसाठी निघालेला माणूस ऑक्टेन बघत बसणार नाही, आणि त्याने बसूही नये.

दुसरी वाट, ईसीयूच काढून रेसिंगचा स्वतंत्र ईसीयू बसवायचा. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांना तो शोभतो. पण रोजच्या गाडीत मूळ ईसीयू एसीशी बोलतो, मीटरशी बोलतो, किल्लीतल्या चिपशी बोलतो. हा सगळा संसार नव्याने मांडायचा, तोही सकाळी मुलाला शाळेत सोडायच्या गाडीत! ही वाट मी लगेच बाजूला ठेवली.

तिसरी वाट, डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी धावते त्या रोलरवर, चढवून याच गाडीसाठी मॅप बेतायचा. वेळ जास्त, खर्च जास्त, आणि शेवटी मिळणारा आकडा बहुधा जाहिरातीपेक्षा कमी. मी तिसरी निवडली. सोबत माझ्या अटी सांगितल्या. मॅप साध्या पेट्रोलवर बेतायचा. कॅटलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही. मूळ फाईल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवायची. विमा कंपनीला लेखी कळवायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, ते आधी स्वतः वाचायचं. आणि पूर्ण जोराची एकही चाचणी रस्त्यावर करायची नाही. तिरुचीच्या हायवेवर बैलगाड्या, मोपेड आणि उसाचे ट्रॅक्टर असतात. तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन पाय दाबणारे लोक मी पाहिलेत. तसा मॅप मी कुणाला करून देत नाही.

जूनमध्ये तिरुची, करूर करत आम्ही कोइंबतूरला गेलो. तिथल्या एका वर्कशॉपचा डायनो मी दिवसभरासाठी घेतला होता. पुढची चाकं रोलरवर, गाडी चारही बाजूंनी पट्ट्यांनी जखडलेली, समोर मोठा पंखा. पंख्याचा वारा धावत्या गाडीच्या वाऱ्याला गाठू शकत नाही, म्हणून डायनोवर इंजिन जास्त तापतं. पुष्कळांना हा तोटा वाटतो, मला तो फायदा वाटला. कत्तिरीतली दुपार तिथे आयतीच मिळाली.

एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवला, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण दिसतं. पेट्रोलला हिशेबाने १४.७ भाग हवा लागते, पण पूर्ण जोरावर टर्बो इंजिनाला मिश्रण बाराच्या आसपास, म्हणजे जास्त इंधनाचं द्यावं लागतं. मग इंजिनाच्या ब्लॉकला नॉक ऐकायचा मायक्रोफोन लावला आणि हेडफोन भाच्याकडे दिला. ऐकण्याच्या साधनाचं डॉक्टरला काय सांगायचं? त्याने तो कानाला लावला, डोळे मिटले आणि हात वर करून बसला.

डायनोवर इंजिनाला एका वेगावर धरून ठेवता येतं. ३००० आरपीएमवर धरलं, भार दिला आणि टायमिंग एकेक अंशाने पुढे नेत गेलो. एक अंश, टॉर्क वाढला. आणखी एक, पुन्हा थोडा वाढला. तिसऱ्याला जेमतेम. चौथ्या अंशाला स्क्रीनवर काही दिसायच्या आत भाच्याचा हात खाली आला. “थांबा, मामा! वाळू सांडल्यासारखं झालं.” मी पाय काढला. क्षणभराने लॉगमध्येही ते दिसलं: तिसरा सिलिंडर. पुन्हा तिसराच.

मी टायमिंग आवाज थांबेपर्यंत मागे आणलं. मग आणखी दोन अंश मागे.

“आता का?” भाच्याने विचारलं. मी त्याला उस्तादांचं उत्तर दिलं. पाच माणसं, टपावर सामान, ऊन.

असं करत दिवसभरात आम्ही कोष्टकातली महत्त्वाची घरं एकेक करून भरली. बूस्ट वाढवला, पण वरच्या आरपीएमला हळूहळू उतरवत आणला, कारण छोटा टर्बो तिथे हवेपेक्षा उष्णताच जास्त देतो. हवेचं तापमान चढलं की बूस्ट आणि टायमिंग आपोआप उतरावेत, यासाठीचं कोष्टक मी मूळ फाईलपेक्षा कडक केलं. संध्याकाळी आलेख काढला. शिखर डब्याच्या जाहिरातीइतकं उंच नव्हतं, पण मधला भाग, २००० ते ४००० आरपीएमचा, भरून आला होता. ट्रकला मागे टाकताना माणसाला लागतो तो हाच भाग.

परत आल्यावर काही दिवसांनी बायकोच्या मावशींची वीणा दुरुस्तीला नेली. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते आणि तिच्यावर पितळेचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात. मेण काळं, कोळशाची पूड आणि राळ घालून केलेलं. कारागीर मेण किंचित गरम करायचा, पडदा ठेवायचा, तार छेडायचा आणि नखाने पडदा केसभर सरकवायचा. पुन्हा छेडायचा. त्याच्याकडे मापपट्टी नव्हती. मी विचारलं, “दुसऱ्या वीणेचं माप घेऊन का बसवत नाही?” तो म्हणाला, “दुसरी वीणा दुसरी आहे. हिची तार वेगळी, हिचं लाकूड वेगळं.” मग त्याने उन्हाकडे बोट दाखवलं. “आणि मेण मऊ पडतं. काही वर्षांनी परत यावं लागतं.”

त्याचं हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

आमचा मॅप झाला त्याच जूनमध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी दहा टक्क्यांवर पोचलं. २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलचा ऑक्टेन वरचा, म्हणजे ठोक कमी. ही बाजू चांगली. पण त्याला हवा कमी लागते, पेट्रोलच्या १४.७ च्या जागी नऊच भाग. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. साध्या चालण्यात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून हा फरक भरून काढतो. पूर्ण जोरावर मात्र तो मुख्यतः कोष्टकावर विसंबतो, आणि कोष्टक २०२२ च्या पेट्रोलचं. ज्या दिवशी आम्ही ते बेतलं त्या दिवशी बरोबर होतं. पेट्रोल बदललं, पडदे सरकले.

टर्बो गाडीवाले माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “किती हॉर्सपॉवर वाढेल?” मी उलट विचारतो: पेट्रोल कुठे भरता? दुपारी चालवता का? गाडीत माणसं किती असतात? आणि तुम्ही जी पद्धत म्हणताय, तिच्यात इंजिनाचं कोण ऐकतं? डब्यात कुणीच ऐकत नाही. तयार फाईलमध्ये दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्याच इंजिनाचं ऐकलेलं असतं. डायनोवर याच इंजिनाचं ऐकतो, पण तेही त्या दिवसापुरतं. एवढं सांगून झालं की मी निर्णय त्यांच्यावर सोडतो. काही जण डबाच घेऊन जातात. मला वाईट वाटतं, पण आता मी मान हलवून गप्प बसत नाही. फडकं काढतो, तिसऱ्या सिलिंडरचा तो प्लग त्यावर ठेवतो आणि भिंग हातात देतो.

गेल्या वर्षी पोंगल झाल्यावर भाचा आला. यावेळी गाडी तक्रार करत नव्हती. आवाज साफ, पिकअप चोख. त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मी शिकवलं होतं त्याप्रमाणे तो महिन्यातून एकदा लॉग घेऊन ठेवत असे. इंधनाच्या दुरुस्तीचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा वर चढत गेला होता. गाडी अजून आजारी नव्हती, पण तिने सांगायला सुरुवात केली होती, आणि त्याने ते माझ्या आधी वाचलं होतं.

“मामा,” तो म्हणाला, “कोइंबतूरची तारीख घ्या. परत एकदा ऐकायला हवं.”